कॅन्सर लवकर दिसावा म्हणून नॅनोकण : रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

‘नॅनोकणांमुळे कॅन्सर सुरुवातीलाच पकडता येणार’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. ज्या घरात नुकतंच निदान झालेलं असतं, तिथे ती बातमी फार आशेने वाचली जाते. खालची उत्तरं त्या घरांसाठी आहेत. लोहाच्या नॅनोकणांबद्दल इथे जास्त लिहिलं आहे, कारण स्कॅनसाठी माणसांवर सर्वाधिक अनुभव जमला आहे तो त्यांचाच.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय, आणि त्यात नॅनोकण कुठून आले?

सीटी किंवा एमआरआयच्या आधी शिरेतून जे औषध देतात ते कॉन्ट्रास्ट. बरेच जण त्याला ‘डाय’ म्हणतात. त्याने शरीरात काही रंगत नाही. आजूबाजूच्या भागाच्या तुलनेत एखादा भाग फिल्मवर उजळ किंवा काळा दिसावा, एवढंच त्याचं काम. सीटीला आयोडीनचं औषध लागतं, एमआरआयला बहुधा गॅडोलिनियमचं. दोन्हीचे रेणू अगदी लहान असतात. रक्तातून ते भराभर सगळीकडे पसरतात आणि किडनी चांगली असेल तर दिवसभरात लघवीवाटे बहुतेक बाहेर पडतात.

नॅनोकण त्या मानाने मोठे असतात, साधारण ५ ते १०० नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, त्यावरून अंदाज येईल. या आकारामुळे त्यांचा शरीरातला प्रवासच वेगळा होतो. ते रक्तात जास्त वेळ राहतात, ठरावीक पेशी त्यांना गिळतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर हवा तो रेणू जोडता येतो. त्यामुळे ‘गाठ कुठे आहे’ याच्या पलीकडे ‘त्या गाठीत कुठल्या पेशी आहेत’ हेही स्कॅन सांगू शकेल, अशी आशा निर्माण झाली.

यात ‘लवकर’ म्हणजे नेमकं किती लवकर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझ्या मते विचारायला हवा तो हाच.

‘लवकर’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, ज्याला काहीच त्रास नाही अशा धडधाकट माणसात लपलेला कॅन्सर शोधणं. दुसरी, ज्याला कॅन्सर झाला आहे हे माहीत आहे त्याच्या शरीरात तो इतरत्र पसरायला लागला आहे का, हे गाठी मोठ्या होण्याआधी पाहणं. नॅनोकणांनी माणसांवर जे करून दाखवलं आहे ते जवळजवळ सगळं दुसऱ्या प्रकारातलं आहे. पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे निरोगी माणसाला नॅनोकण टोचून कॅन्सर शोधण्यासाठी, वापरात असलेली एकही तपासणी आज नाही.

दुसरा प्रकार दुय्यम आहे असं मात्र समजू नका. ऑपरेशन करायचं की नाही, किती करायचं, रेडिएशन कुठल्या भागाला द्यायचं, हे सगळं ‘पसरला आहे का’ या एका उत्तरावर ठरतं.

मग माणसांवर खरंच सिद्ध झालेलं उदाहरण कोणतं?

प्रोस्टेट कॅन्सरमधल्या लिम्फ नोड्सचं, म्हणजे लसीका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथींचं. हे नीट समजून घेतलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तेव्हा बऱ्याचदा आधी ओटीपोटातल्या लिम्फ नोड्समध्ये शिरतो. साध्या सीटी किंवा एमआरआयमध्ये नोड संशयास्पद ठरवण्याचा मुख्य आधार तिचा आकार असतो. गोल नोड ८ मिलिमीटरच्या वर किंवा लांबट नोड १० मिलिमीटरच्या वर गेली की संशय घ्यायचा. पण कॅन्सरने भरलेली नोड ५ मिलिमीटरचीही असू शकते, आणि साध्या संसर्गाने सुजलेली १२ मिलिमीटरची. आकारावर भिस्त ठेवली की दोन्हीकडे चूक होते.

फेरुमॉक्सट्रान-१० हे औषध इथे कामी आलं. लोहाच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि त्यावर डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण, असा त्याचा कण. शिरेतून दिल्यावर हे कण रक्तवाहिन्यांतून हळूहळू झिरपतात आणि लसीकेबरोबर नोड्समध्ये पोचतात. निरोगी नोडमध्ये मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात, त्या या कणांना गिळतात. लोह साठलं की एमआरआयच्या ठरावीक प्रतिमेत ती नोड काळी पडते. कॅन्सरने जिथे जागा बळकावली आहे तिथे मॅक्रोफेज नसतात, लोह साठत नाही, आणि तो भाग पांढरा राहतो. म्हणजे ६-७ मिलिमीटरची नोड पूर्ण काळी दिसली तर ठीक. तिच्या कडेला पांढरा ठिपका उरला असेल तर डॉक्टर थांबून बघतात.

थांबून बघतात म्हणण्याचं कारण असं की नोडच्या देठाशी थोडी चरबी असते आणि तीही पांढरी दिसते. चरबीचा पांढरेपणा आणि कॅन्सरचा पांढरेपणा वेगळा ओळखायला सरावलेली नजर लागते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे मुकेश हरिसिंघानी, नेदरलँड्समधल्या नायमेखनचे येल्ले बारेंट्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याचे निकाल छापले. ८० रुग्ण, त्यांच्या ३३४ नोड्स, आणि प्रत्येक नोडची पॅथॉलॉजीत तपासणी. ६३ नोड्समध्ये कॅन्सर निघाला. त्यांतल्या ४५ नोड्स आकाराच्या नेहमीच्या निकषात बसतच नव्हत्या, म्हणजे साध्या स्कॅनवर ‘नॉर्मल’ म्हणून सुटल्या असत्या. एकेका नोडचा हिशेब केला तर साध्या एमआरआयने बाधित नोड्सपैकी ३५.४ टक्के ओळखल्या, नॅनोकणांच्या मदतीने ९०.५ टक्के.

एवढा चांगला निकाल आला, तर हे औषध सगळीकडे का मिळत नाही?

२००५ मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने मंजुरीच्या विरोधात कौल दिला. कंपनीने सर्व प्रकारच्या कॅन्सरसाठी सरसकट परवानगी मागितली होती, आणि तेवढा पुरावा समितीला दिसला नाही. ॲलर्जीच्या प्रतिक्रियांचा मुद्दाही निघाला. युरोपात मंजुरीचा अर्ज २००७ मध्ये मागे घेण्यात आला. नायमेखनच्या गटाने पुढे औषधाचं उत्पादन पुन्हा सुरू करवलं आणि तिथे रुग्णांवर त्याचा मर्यादित वापर आणि अभ्यास चालू राहिला.

लिव्हरसाठीच्या लोहकणांचीही अशीच गत झाली. फेरिडेक्सला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली होती. ते ड्रिपमधून हळू द्यावं लागे, काहींना त्याने पाठदुखी होई, आणि पुढे लिव्हरसाठी गॅडोलिनियमची सोयीची औषधं आल्यावर मागणी आटली. शेवटी कंपनीने उत्पादनच थांबवलं. कॉन्ट्रास्ट आयुष्यात एक-दोनदा लागतो, मंजुरीचा खर्च मात्र रोज घ्यायच्या गोळीइतकाच येतो. उपयोगी औषध या हिशेबात मागे पडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही तपासणी करायची तर रुग्णाला काय करावं लागतं?

पहिल्या दिवशी ड्रिपमधून औषध. फेरुमॉक्सट्रान-१० ची मात्रा वजनाच्या दर किलोला २.६ मिलिग्रॅम लोह अशी असते. ६० किलोच्या माणसाला १५६ मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीतून याहून जास्त लोह शरीरात जातं. ड्रिप साधारण अर्धा तास चालते. एमआरआय त्याच दिवशी करत नाहीत. कण नोड्समध्ये पोचायला वेळ लागतो, म्हणून स्कॅन २४ ते ३६ तासांनी होतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडच्या बायकांच्या जास्त जवळचा आहे.

पूर्वी स्तनाच्या ऑपरेशनबरोबर काखेतल्या बहुतेक सगळ्या नोड्स काढत. त्याने पुढे हाताला कायमची सूज यायची, खांदा जखडायचा. आता सुरुवातीच्या टप्प्यात कॅन्सर ज्या नोडमध्ये सर्वांत आधी पोचण्याची शक्यता असते तेवढी सेंटिनल नोड शोधून काढतात आणि ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. ती शोधण्यासाठी टेक्निशियम-९९एम या किरणोत्सर्गी पदार्थाचा कोलॉइड, म्हणजे सूक्ष्म कणांचा द्राव, टोचतात. त्यातले बरेच कण नॅनोच्याच मापाचे असतात. त्याचं किरणोत्सर्जन दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये जावं लागतं. ऑपरेशनमध्ये सर्जन गामा प्रोब हे किरणोत्सर्ग ओळखणारं उपकरण काखेजवळ फिरवतात आणि नोड आली की आवाज वाढतो. म्हणजे कुठे ‘नॅनो’ असं लिहिलेलं नसताना हजारो जणींना नॅनोकण देऊन झालेले आहेत.

जिथे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग नाही तिथे लोहाचे कण वापरता येतात. त्यांतल्या मॅगट्रेसला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात किरणोत्सर्ग नाही, आणि ते बरेच दिवस आधी टोचून ठेवता येतं. याचा स्वीडनमधल्या डॉक्टरांनी चांगला उपयोग करून घेतला. स्तनातल्या दुधाच्या नळीपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये ऑपरेशनवेळी फक्त लोह टोचून ठेवायचं, नोड काढायची नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नळीबाहेर गेलेला निघाला, तरच परत जाऊन नोड काढायची. बऱ्याच जणींचं काखेतलं ऑपरेशन त्यामुळे टळलं.

दोन गोष्टी आधी विचारून घ्या. टोचलेल्या जागी त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो कित्येक महिने राहू शकतो. आणि त्या बाजूच्या स्तनाचा पुढचा एमआरआय लोहामुळे बिघडू शकतो.

नॅनोकण गाठ आपोआप शोधून काढतात असं वाचलं. खरं आहे का?

अर्धं. १९८६ मध्ये जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि मोठे रेणू तिथे झिरपून अडकून राहतात. पुढच्या कितीतरी संशोधनाचा पाया हाच आहे. पण २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेला भाग मध्यकाने ०.७ टक्के निघाला. तोही प्रामुख्याने उंदरांमध्ये. माणसाच्या गाठी उंदरांतल्या गाठींपेक्षा सावकाश वाढतात आणि त्यांच्या वाहिन्या तितक्या गळक्या असतीलच असं नाही.

एक अडचण तर मुळातच आहे. गाठ जितकी लहान, तितकं तिचं रक्तवाहिन्यांचं जाळं अपुरं. म्हणजे जी गाठ सगळ्यांत लवकर शोधायची, तिच्यातच कण सगळ्यांत कमी पोचणार. बातमीत उंदराचं चमकतं चित्र दिसलं की हे लक्षात असू द्या.

बाकीचे कण जातात कुठे? ते शरीरात साठून राहतात का?

बहुतेक कण लिव्हर आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी उचलतात. लोहकणांची जमेची बाजू इथेच आहे. ते विरघळतात आणि त्यातलं लोह हिमोग्लोबिनसाठी वापरलं जातं. फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या औषधाला अमेरिकेत २००९ मध्ये मंजुरी मिळाली ती किडनीच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयावर उपचार म्हणूनच. कॉन्ट्रास्ट म्हणून त्याचा वापर नंतर वाढला.

जे कण विरघळत नाहीत त्यांच्याबद्दल सावध राहायला इतिहासाने शिकवलं आहे. १९३० च्या दशकात थोरोट्रास्ट नावाचा कॉन्ट्रास्ट जगभर वापरला जाई. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, एक्स-रेवर अप्रतिम चित्र, आणि टोचताना रुग्णाला काही त्रास नाही. डॉक्टर खूश होते. पण थोरियम किरणोत्सर्गी आहे, आणि ते लिव्हरमध्ये आयुष्यभर बसून राहिलं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांमध्ये लिव्हरचे कॅन्सर दिसू लागले, त्यात अँजिओसार्कोमासारखा एरवी अतिशय दुर्मीळ कॅन्सरही होता. रोग शोधायला दिलेल्या कणांनीच रोग दिला. म्हणून आज कुठल्याही नव्या कणाबद्दल पहिला प्रश्न ‘चित्र कसं येतं’ हा नसावा. ‘तो बाहेर कसा पडतो’ हा असावा.

त्याचं एक उत्तर २००७ मध्ये मिळालं. साधारण ५.५ नॅनोमीटरहून लहान कण किडनीतून गाळून लघवीवाटे निघून जातात. या धर्तीवर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात उल्रिक वीसनर यांच्या गटाने सिलिकाचे त्याहून किंचित मोठे, ६-७ नॅनोमीटरचे कण बनवले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पाच रुग्णांना ते प्रथम दिले गेले. निकाल २०१४ मध्ये आले. कण मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडले आणि विषारी परिणाम दिसला नाही. रुग्ण पाचच, पण वाट बरोबर आहे.

ॲलर्जीचा धोका किती?

कमी, पण खरा. फेरुमॉक्सिटॉलला मंजुरी मिळाल्यापासून जून २०१४ पर्यंत एफडीएकडे तीव्र ॲलर्जीच्या ७९ घटना नोंदवल्या गेल्या, त्यांत १८ मृत्यू होते. त्यानंतर औषधावर सर्वांत कडक इशारा छापणं सक्तीचं झालं, आणि भरकन टोचण्याऐवजी ते किमान १५ मिनिटांत ड्रिपमधून द्यायचं ठरलं. इंजेक्शनमधून लोह घेताना पूर्वी कधी रिॲक्शन आली असेल तर न विचारताही सांगा.

किडनी कमजोर आहे. गॅडोलिनियम चालत नाही म्हणाले, मग नॅनोकण चालतील?

२००६ च्या सुमारास लक्षात आलं की किडनी जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांमध्ये गॅडोलिनियमच्या जुन्या प्रकारांनी त्वचा आणि सांधे कडक करणारा गंभीर आजार होतो. अशा रुग्णांसाठी काही केंद्रं फेरुमॉक्सिटॉल वापरतात, कारण ते किडनीवर अवलंबून नाही. तरीही क्रिएटिनिनचा आकडा पाहून स्वतः निष्कर्ष काढू नका. गॅडोलिनियमचे नवे प्रकार बरेच सुरक्षित आहेत आणि पुष्कळदा तेच पुरतात.

सोन्याचे नॅनोकण वापरतात का?

सीटीसाठी सोनं आयोडीनपेक्षा सरस आहे, कारण त्याचा अणू जड आहे आणि एक्स-रे जास्त अडवतो. २००६ मध्ये १.९ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांनी उंदरांमध्ये सुरेख प्रतिमा मिळाल्या. पण सीटीला कॉन्ट्रास्ट ग्रॅममध्ये लागतो, एमआरआयच्या लोहकणांसारखा मिलिग्रॅममध्ये नव्हे. माणसाला एवढं सोनं टोचायचं तर खर्च आणि साठून राहण्याची भीती, दोन्ही आडवे येतात.

पेट स्कॅन असताना हे कशाला?

रास्त प्रश्न. प्रोस्टेटसाठी पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणारा स्कॅन) आता आपल्या मोठ्या शहरांत मिळतो आणि तो फार उपयुक्त आहे. नायमेखनमध्ये दोन्ही तपासण्या त्याच रुग्णांवर करून पाहिल्या, तेव्हा नॅनोकणांच्या एमआरआयमध्ये संशयास्पद नोड्स जास्त सापडल्या आणि त्या आकाराने लहान होत्या. उलट पेट स्कॅन एकाच वेळी सगळं शरीर दाखवतो, हाडांसकट. माझं मत असं की पेट मिळत असेल तर आज त्यावर थांबायला हरकत नाही. नोडमधले एक-दोन मिलिमीटरचे ठिपके दोन्ही तपासण्यांतून निसटतात, ते शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात.

कुणीतरी ‘नॅनो स्कॅन’च्या ट्रायलमध्ये यायला सांगितलं आहे. जाऊ का?

आधी सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ही नोंदणी सर्वांना खुली आहे. मंजुरी नसलेलं औषध देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागत असतील तर तिथून निघा. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, त्यावर नैतिक समितीचं नाव आणि फोन आहे का ते बघा. नॅनो औषधांच्या तपासणीसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. चांगली ट्रायल असेल तर मात्र घाबरू नका. वर सांगितलेली सगळी माहिती अशा ट्रायलमध्ये आलेल्या रुग्णांमुळेच हाती आली.

मला काही त्रास नाही, पण आईला कॅन्सर झाला होता. लवकर कळण्यासाठी मी काय करू?

तुमच्यासाठी नॅनोकण नाहीत, पण महाराष्ट्रातच तपासून पाहिलेल्या गोष्टी आहेत. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करत. पन्नाशीपुढच्या गटात स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याच कामात गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून बघण्याच्या साध्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने हे मृत्यू निम्म्यावर आले. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड दाखवून घ्यावं. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. आई, मावशी किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर जनुकीय सल्लागाराला भेटा. अशा घरांत स्तनांचा एमआरआय सुचवतात, तो नेहमीच्याच गॅडोलिनियमवर होतो.

रक्तक्षयासाठी लोहाचं इंजेक्शन घेतलं आहे. एमआरआयला जाताना सांगायचं का?

हो. विशेषतः फेरुमॉक्सिटॉल घेतलं असेल तर त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या प्रतिमांवर परिणाम होऊ शकतो. लिव्हर आणि प्लीहा काळवंडलेल्या दिसतात आणि लोह साठण्याचा आजार असल्याचा गैरसमज होऊ शकतो. इंजेक्शनचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून फॉर्मसोबत द्या. एमआरआय आधीच ठरला असेल तर लोहाचं इंजेक्शन स्कॅननंतर घेता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.